पीएफ म्हणजे भांडवल नव्हे

महोदय,

आयटीतली नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढणाऱ्यांबद्दल हल्ली भरभरून छापून येते. त्यांचे घर कशावर चालते, हे मात्र त्यात क्वचितच असते. भांडवल कमी पडले की पहिला हात जातो पीएफवर. सलग पाच वर्षे नोकरी झालेली नसेल तर काढलेल्या रकमेवर प्राप्तिकर लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण पीएफ आणि पीपीएफमधली शिल्लक बँकेच्या थकीत कर्जापोटी कोर्टालाही जप्त करता येत नाही, हे फारसे कुणी सांगत नाही. तोच पैसा धंद्यात घातला की हे संरक्षण संपले. पीपीएफ तर वर्षाला ५०० रुपये भरूनही चालू राहते. तंगीच्या वर्षी तेवढे तरी भरावेत.

खरी गोची बिलांत होते. समजा, ५ लाखांच्या सॉफ्टवेअर कामाचे बिल केले. त्यावर १८ टक्के जीएसटी ९० हजार. ग्राहकाने १० टक्के टीडीएस (आपल्या नावे आधीच कापून भरलेला प्राप्तिकर) कापला तर ५० हजार गेले. खात्यात येतात ५ लाख ४० हजार आणि पगाराची सवय असलेल्याला ते सगळे आपलेच वाटतात. त्यातले ९० हजार (आपण खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट वजा जाता) सरकारचे. शिवाय ग्राहकाने तीन महिन्यांनी पैसे दिले तरी जीएसटी पुढच्याच महिन्यात भरायचा, म्हणजे पदरचा. जीएसटीच्या पैशांसाठी दुसरे खाते उघडावे आणि त्याचे डेबिट कार्ड घेऊच नये.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे. ती काम घेण्याआधीच करावी आणि क्रमांक बिलावर छापावा. लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत देणे ग्राहकावर बंधनकारक आहे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नव्या ग्राहकाकडे ते मागायला जीभ रेटत नाही, हे खरे. पण मोठ्या कंपनीचा लेखा विभाग बिलावरचा उद्यम क्रमांक पाहतो.

‘प्रायव्हेट लिमिटेड’मुळे कंपनी बुडाली तरी घर सुरक्षित राहते, हा समजही अर्धाच खरा. कर्ज देताना बँक संचालकांकडून वैयक्तिक हमी लिहून घेते आणि तिथे ‘लिमिटेड’ संपते.

राहिला आरोग्य विमा. कंपनीची समूह पॉलिसी राजीनाम्याबरोबर जाते आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी.

– एक करसल्लागार, पुणे