आजीला सांगितलेलं खोटं

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे जमत नाही, म्हणून कागद घेतला. हल्ली हाताने लिहायची सवयही परत लागलीय. इग्नूच्या, म्हणजे मुक्त विद्यापीठाच्या, असाइनमेंट हातानेच लिहाव्या लागतात. ३० टक्के गुण त्यांचे, ७० परीक्षेचे.

बाबा, बँकेतल्या बाईला एम.ए. तत्त्वज्ञान कशाला, असं तुम्ही विचारलंत. बढतीसाठी नाही. पहाटे पाचला मुलं उठायच्या आत मी ब्लॉक, म्हणजे इग्नूची अभ्यासपुस्तिका, उघडते. समोर शिकवणारं कोणी नसतं. एकेक परिच्छेद तीन-तीनदा वाचते आणि मग दिवसभर काउंटरवरही तो डोक्यात घोळत राहतो.

नीतिशास्त्रात कान्ट हा जर्मन तत्त्वज्ञ आहे. १७९७ च्या एका छोट्या निबंधात तो म्हणतो, मारेकऱ्याने दाराशी येऊन ‘तुमचा मित्र घरात आहे का?’ असं विचारलं तरी खोटं बोलायचं नाही. तुम्ही ‘नाही’ म्हणालात आणि मित्र तेवढ्यात बाहेर निसटून त्याच्याच तावडीत सापडला, तर दोष तुमच्या माथी! वाचलं आणि ओसरीवरचा तुमचा आवाज कानात आला. कर्णपर्वातला कौशिक. लोक कुठे लपलेत ते त्याने दरोडेखोरांना खरं सांगितलं, त्यांचे जीव गेले आणि तो सत्यव्रती नरकात गेला. कृष्ण ही गोष्ट सांगतो कधी, तर प्रतिज्ञेपायी अर्जुन धर्मराजावर तलवार उपसून उभा असताना. कान्ट आणि कृष्ण या दोघांना समोरासमोर ठेवून मी असाइनमेंट लिहिली.

लिहिताना डोळ्यांसमोर मात्र तू होतीस, आई. धाकटे काका गेले तेव्हा आजी अंथरुणाला खिळलेली. पेज भरवता भरवता तू तिला रोज सांगायचीस, “भाऊजींचा फोन आला होता, बरे आहेत.” चमचा तिच्या ओठांशी नेताना तुझा हात जरासुद्धा हलायचा नाही. मी अकरावीत होते. तुला ‘खोटारडी’ म्हणाले आणि दोन दिवस अबोला धरला. तू उलटून एक शब्द बोलली नाहीस.

तो शब्द आज परत घेते, आई. उशीर झाला, माफ कर.

तरी तू बरोबरच होतीस, असं मला छातीठोकपणे लिहिता आलं नाही. फसवलेल्या माणसाची त्या गोष्टीला संमती असूच शकत नाही, हे कान्टचं म्हणणं टोचत राहतं. पोटच्या मुलासाठी रडायचंही आजीच्या वाट्याला आलं नाही.

आणि एक गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही. त्याच अबोल्याच्या दिवसांत आजीने माझं मनगट धरून विचारलं होतं, “फोन खरंच येतो का गं?” मी “हो” म्हणाले. तिने बराच वेळ हात सोडला नाही.

डिसेंबरात पेपर संपले की येते. शेवटी शेवटी ती तुला काही म्हणाली होती का, ते मला सांगशील?

तुमची,
मनू