कीर्तनातले लोकांच्या लक्षात काय राहते

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

सप्ताहात तुला कीर्तनसेवा मिळाली आणि तू तुकोबांचा ‘विष्णुमय जग वैष्णवांचा धर्म’ हा अभंग घेतोस, हे वाचून फार आनंद झाला. लोक तल्लीन होऊन ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी भलतेच सांगतात, ते का, असे तू विचारलेस. त्यांचे लक्ष नसते, असे मुळीच नाही. शब्द छंदामुळे टिकतात. अर्थ मात्र ज्याच्या त्याच्या घरात जे चांगले मानले जाते, तिकडे झुकतो.

अभंगाची अक्षरे मोजून बघ. ६, ६, ६, ४ मिळून २२, आणि ‘धर्म’–‘भ्रम’ हे यमक. अक्षर चुकले की म्हणणारा अडखळतो, म्हणून ‘भेदाभेदभ्रम अमंगळ’ पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहिले. पण अर्थ विचार. बहुतेक जण म्हणतील, ‘भेदभाव करू नका.’ समता शाळेपासून मनावर ठसलेली असते, तिला जुळेल तेवढे मन उचलते. तुकोबा त्याच्याही मागे जातात: जग विष्णुमय आहे, म्हणून भेद हा मुळातच भ्रम. नेमका तो ‘म्हणून’ गळतो.

एकनाथांच्या गाढवाच्या कथेत हेच होते. रामेश्वरासाठी कावडीतून आणलेली गंगा त्यांनी तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, हे पोरासोरांना पाठ असते. ‘माझा अभिषेक इथेच पोचला’ हे नाथांचे म्हणणे मात्र फार थोड्यांना आठवते. तहानलेल्याला पाणी द्यावे, हे आपल्याकडे घरोघरी शिकवतात. गाढवात आणि रामेश्वरात देव एकच, हे अद्वैत कोण शिकवते? पुंडलिकाचेही तसेच. आईबापांची सेवा आणि वीट लक्षात राहते, आधी तो त्यांना छळत होता हे कथेतून हळूच नाहीसे होते.

हे आपल्यापुरतेच नाही. केंब्रिजच्या बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुतांची कथा इंग्रज वाचकांना देऊन काही काळाने परत सांगायला लावली. १९३२च्या त्याच्या ग्रंथात ते प्रयोग आहेत. सीलची शिकार मासेमारी झाली आणि भुते पुष्कळांच्या सांगण्यातून गळाली. अनोळखी भाग एकतर ओळखीचा होतो, नाहीतर जातो.

आता तुझ्या कामाचे. या अभंगाचे ध्रुपद ‘आइका जी तुम्ही भक्त भागवत’ हे आहे. टाळकरी तेच घोळवणार, आणि सिद्धांत तर पहिल्या चरणात! म्हणून प्रत्येक चरणाचे निरूपण संपले की पहिला चरणही त्यांच्याकडून म्हणवून घे. हे त्यांना आधीच सांगून ठेव, ऐनवेळी खूण केलीस तर गोंधळ होतो.

गाढवाच्या कथेत तहानेचे वर्णन आटोपते घे. तिथे रंगलास की श्रोते तिथेच थांबतात, डोळे पुसतात आणि पुढचे कानावरून जाते. वेळ द्यायचा तो सोबतच्या यात्रेकरूंच्या प्रश्नाला: ‘एवढ्या लांबून आणलेले पाणी वाया घालवलेत, आता रामेश्वराचे काय?’ हा प्रश्न श्रोत्यांच्या मनातलाच असतो. तो नीट टोचू दे, मग नाथांचे उत्तर, आणि एक शब्दही मध्ये न घालता ‘विष्णुमय जग’. भूतदया खोडायला जाऊ नकोस. तिच्यावरूनच पुढे ने, कारण तेवढा धागा श्रोत्याच्या हातात आधीच असतो. दुसरा दृष्टांत नको, दोन झाले की पहिला पुसट होतो. शेवटच्या चरणातले ‘एका देहाचे अवयव’ घाईत उरकू नकोस. पायात काटा मोडला की डोळ्यांत पाणी येते, हे कोणाला समजावावे लागत नाही. अद्वैत तिथे आपोआप पोचते.

किती पोचले ते त्याच रात्री विचारू नकोस, तेव्हा सगळेच ताजे असते. दोन दिवसांनी एखादी आजी, एखादा शेतकरी आणि शाळेतले पोर यांना नुसते म्हण, ‘नाथांची गोष्ट सांगा बरं.’ ‘तात्पर्य काय?’ असे विचारलेस, तर तुला बरे वाटेल तेच सांगतील. सांगताना मध्ये दुरुस्त करू नकोस. रामेश्वर आपणहून कोणाच्या तोंडी आला आणि कोणी गाढवापाशी थांबले, तेवढे टिपून मला कळव.

तुझा,
दिनकर