तक्रार: खाडीकाठच्या गाडीला 10,000 किलोमीटरचं सर्व्हिस शेड्युल लावल्यामुळे ब्रेक जाम झाल्याबद्दल

प्रति,
कस्टमर केअर आणि सर्व्हिस विभाग

नमस्कार,

नोव्हेंबर 2023 ला मी तुमची पेट्रोल गाडी घेतली. राहायला धोपाव्यात, ता. गुहागर, आणि शाळा खाडीपलीकडे दाभोळला, विज्ञान शिकवते. तिन्ही फ्री सर्व्हिस वेळेवर केल्यात, एकही चुकवलेली नाही, शिक्के मारलेलं पुस्तक माझ्याकडे आहे. हे आधीच सांगते कारण फोनवर पहिला प्रश्न तोच येतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सासऱ्यांना डोळ्याच्या डॉक्टरांकडे दाखवून कराडहून परत येत होतो. कुंभार्ली घाट, पाऊस, धुकं, समोरचं वळणसुद्धा जवळ गेल्यावर दिसत होतं. अर्धा घाट उतरल्यावर ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली, मला आधी वाटलं रस्त्याचा उतार असेल, मग जळका वास यायला लागला आणि सासरे म्हणाले काहीतरी करपतंय. सेकंड गियरमधे टाकून जीव मुठीत धरून पोफळीपर्यंत आणली आणि थांबवली. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता इतकं तापलेलं, आणि पावसाचे थेंब रिमवर पडले की चर्र आवाज येऊन वाफ निघत होती. मीटरवर तेव्हा 10,200 किलोमीटर होते. गाडी दोन वर्षांचीसुद्धा नाही हो.

तुमच्या वर्कशॉपला फोन केला तर दोन दिवसांनी आणा म्हणाले, म्हणून हळूहळू शृंगारतळीला ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी चाक खोललं आणि कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या ब्रेकच्या भागाची, पिन बाहेर काढायला त्यांना हातोडी घ्यावी लागली. ही पिन खरं तर बोटाने सरकायला हवी. बाहेर आली ती तांबूस, कोरडी, ग्रीसचा थेंब नाही, तिच्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, एका बाजूने फाटलेला आणि त्याच्या घडीत पांढरी पूड. "बाई, हे मीठ बघा" म्हणाले. पिन जाम, म्हणून पॅड डिस्कला कायम चिकटून, आतलं पॅड पत्र्यापर्यंत संपलेलं आणि बाहेरचं अर्धं शिल्लक. तेच मीठ बॅटरीच्या टर्मिनलवर, तेच सायलेन्सरच्या जोडांवर.

हे मीठ कुठून आलं ते सांगते. मी रोज गाडी फेरीबोटीत घालून खाडी ओलांडते. बोटीचा फ्लॅप रॅम्पवर पडतो तिथे भरतीला पाणी असतं, खूप नाही, पण टायर भिजून आत फवारा उडेल इतकं असतंच, आणि वारा असला तर बोटीत उभ्या असलेल्या गाडीवर तुषार बसतात ते वेगळे. संध्याकाळी बोट लावली की काच पुसल्यावर फडक्याला खारट चिकटपणा येतो. घर किनाऱ्यापासून लांब नाही, त्यामुळे रात्रीसुद्धा सुटका नाही. शाळेत आम्ही लोखंडाच्या खिळ्यांचा प्रयोग करतो, एक कोरड्या हवेत, एक उकळून गार केलेल्या पाण्यात वर तेलाचा थर देऊन, एक साध्या पाण्यात, आणि मी मुद्दाम चौथी परीक्षानळी मिठाच्या पाण्याची ठेवते. मुलांना दोन दिवसात फरक दिसतो. तुमच्या इंजिनियर लोकांना हे माहीत नाही असं मी मानायला तयार नाही.

आणि माहीत आहेच, कारण तुमच्या मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत लिहिलंय की खारी हवा, धूळ, सतत घाट, वारंवार छोट्या फेऱ्या अशा वापरात ऑइल आणि तपासणी निम्म्या अंतराने करा, म्हणजे 5,000 किलोमीटर किंवा सहा महिने. माझ्या वापरात यातल्या चारही गोष्टी आहेत! घरापासून जेटी चार किलोमीटर, इंजिन बंद, पलीकडे दोन किलोमीटर, परत इंजिन बंद. इंजिन कधी नीट गरम होतच नाही, त्यामुळे पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमधे उतरतं, पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडलं तर आतून लोण्यासारखा पांढरट थर लागलेला मी स्वतः बघितलाय. पावसाळा सोडला तर जांभ्याची लाल धूळ, एअर फिल्टर झटकला की अंगण लाल होतं.

पण हे पान मला गाडी देताना कोणी दाखवलं नाही. नोव्हेंबर 2024 च्या सर्व्हिसला मी स्वतः विचारलं होतं की बोटीने रोज जाते, अजून काही करायला हवं का, तर ॲडव्हायझर म्हणाले "मॅडम, तुमची गाडी फारच कमी चालते, काही होत नाही, पुढची 20,000 ला किंवा वर्षाने, मेसेज येईल." कमी चालते म्हणून गंजत नाही हे कुठलं गणित? कमी चालते आणि ओली उभी राहते म्हणून तर जास्त गंजते. मेसेजच्या भरवशावर मी अख्खा पावसाळा काढला, तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आमच्याकडे.

नंतर वॉरंटीसाठी गाडी तुमच्याकडे आणली तर लेखी उत्तर मिळालं की नुकसान बाहेरच्या वातावरणामुळे, वॉरंटीत बसत नाही. पॅड घासतात, ते वॉरंटीत नसतात, हे मला मान्य आहे, त्याचे पैसे मी मागत नाही. पण कॅलिपर आणि डिस्कचे 7,840 रुपये मी का भरायचे? विकताना वातावरण विचारायचं नाही, सर्व्हिसला सांगितलं तरी लिहून घ्यायचं नाही, आणि बिघडल्यावर मात्र वातावरण आठवतं, याचा मला खरंच संताप आलाय. त्या दिवशी गाडीत 74 वर्षांचा माणूस बसला होता.

माझं म्हणणं एवढंच की 7,840 रुपये परत करा, आणि माझ्या गाडीचं शेड्युल सहा महिन्यांचं करून सिस्टिममधे नोंदवा, एक सर्व्हिस मे अखेरीस पाऊस लागायच्या आधी, एक नोव्हेंबरमधे. मे च्या वेळी पिना काढून साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायचं, बूट बघायचे, दाराखालची पाणी जायची भोकं मोकळी करायची. नोव्हेंबरला खालून गोड्या पाण्याने प्रेशरने धुऊन गंज थांबवणारं कोटिंग तपासायचं आणि एअर फिल्टर बदलायचा. ब्रेक ऑइलसुद्धा ह्या नोव्हेंबरला दोन वर्षांचं होतंय, ते बदलाच, ते हवेतलं पाणी शोषतं, डॉट 3 प्रकारचं ऑइल ताजं असताना 205 डिग्रीला उकळतं आणि पाणी शिरलं की 140 पर्यंत येऊ शकतं, मग घाटात ब्रेक तापले की ते उकळून पेडल मऊ पडतं. आणि किनाऱ्यालगतच्या प्रत्येक गिऱ्हाईकाला गाडी देताना ते शेवटचं पान उघडून दाखवा, वापर विचारून तारखा पुस्तकात पेनाने लिहून द्या. आमच्या बोटीत तुमच्याच कंपनीच्या बऱ्याच गाड्या रोज असतात, मी तिघांना विचारलं, एकालाही हे पान माहीत नव्हतं.

10 नोव्हेंबरला गाडी सर्व्हिसला यायची आहे, त्याच्या आधी लेखी उत्तर हवं, नाहीतर मी ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवणार आहे. जुनी पिन आणि बूट मी पिशवीत तसेच ठेवलेत, पुसलेले नाहीत, येताना घेऊन येईन.

आपली ग्राहक,
धोपावे, ता. गुहागर, जि. रत्नागिरी