‘जुळवलेला’ म्हणून विकलेल्या मॉडेल रेल्वे रंगकाम संचाबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: १:८७ प्रमाणातील उघडी मालवाघीण, तिचे रंग, ट्रान्स्फर (वाघिणीवर चढवायची छापील अक्षरे व आकडे) आणि रेल्वे कर्मचाऱ्यांच्या आकृत्या यांचा एकत्रित संच सदोष असल्याबाबत व त्यातील वस्तू बदलून मिळण्याबाबत.

संदर्भ: सोबत जोडलेली बिलाची प्रत आणि आपल्या विभागाकडून याच विषयावर आलेली दोन उत्तरे.

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचा वरील संच मी घेतला तो त्याच्या खोक्यावर छापलेल्या एका आश्वासनामुळे. वाघीण, तिचे रंग, तिच्यावर चढवायचे आकडे आणि तिच्याजवळ उभी करायची माणसे ही सगळी सामग्री एकमेकांशी जुळवून निवडलेली आहे, असे खोका सांगतो. सुटे रंग, सुटी ट्रान्स्फर आणि सुट्या आकृत्या वेगवेगळ्या उत्पादकांकडून सहज मिळतात. ग्राहक एकाच खोक्यासाठी अधिक पैसे मोजतो ते या जुळवणीचे. माझी तक्रार त्या जुळवणीबद्दल आहे, आणि आपल्या दोन्ही उत्तरांत नेमका तोच मुद्दा बाजूला राहिल्यामुळे हे सविस्तर पत्र लिहावे लागत आहे.

वाघिणीच्या साच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच नोंदवते. मूळ ईएओएस वाघीण (युरोपातील उघड्या मालवाघिणीचा एक प्रकार) एका टोकाच्या बफरपासून, म्हणजे धक्का झेलणाऱ्या दांड्यापासून, दुसऱ्या टोकाच्या बफरपर्यंत १४.०४ मीटर लांब असते, म्हणजे १:८७ प्रमाणात ती सुमारे १६१ मिलिमीटर भरायला हवी, आणि आपली वाघीण तेवढीच भरते. बाजूच्या उभ्या पट्ट्या, दारांचे कडीकोयंडे आणि बोगीवरच्या, म्हणजे वाघिणीखालच्या चाकांच्या चौकटीवरच्या, स्प्रिंगा रेखीव आहेत, साच्याची रेघ अगदी पुसट आहे. ज्याने हा साचा केला त्याला वाघीण कळते. संचातील बाकीच्या वस्तू निवडणाऱ्यांनी त्या या वाघिणीशेजारी एकदा तरी ठेवून पाहिल्या असतील, असे मात्र वाटत नाही.

सर्वांत गंभीर दोष आकृत्यांत आहे. खोक्यावर त्या १:८७ प्रमाणातल्या आणि कडक पॉलिस्टायरिनच्या असल्याचे छापले आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. गार्डाची आकृती व्हर्निअर कॅलिपरने पायाखालची बैठक आणि टोपी वगळून मोजली असता २३ मिलिमीटर भरते. २३ ला ८७ ने गुणले तर दोन मीटर उंचीचा गार्ड मिळतो. हीच आकृती १:७६ प्रमाणातली मानली, तर तो पावणेदोन मीटरचा, म्हणजे चारचौघांसारखा होतो. १:८७ मध्ये अशा माणसाची उंची २० मिलिमीटर हवी. उरलेल्या उभ्या आकृत्याही याच मापाच्या आहेत, त्यामुळे एखादा कर्मचारी उंच दाखवायचा होता असे म्हणण्यालाही जागा नाही. दुसऱ्या प्रमाणासाठी केलेल्या आकृत्या या खोक्यात भरल्या गेल्या आहेत. असा घोळ का होतो, हे या छंदातल्या कोणालाही ठाऊक आहे: फुटाला ३.५ मिलिमीटर हे प्रमाण (१:८७) आणि फुटाला ४ मिलिमीटर हे प्रमाण (१:७६), दोन्हींच्या गाड्या १६.५ मिलिमीटर रुंदीच्या एकाच रुळांवर चालतात आणि त्यामुळे दोन्हींचे सामान शेजारीशेजारी विकले जाते. पण रुळांची रुंदी सारखी असल्याने माणसांची उंची सारखी होत नाही.

यावर आपल्या दुसऱ्या उत्तरात असे म्हटले आहे की, १:७६ आणि १:८७ यांत ‘नजरेला जाणवेल असा फरक नाही’. हा फरक लांबीत सुमारे १४ टक्के आहे, आणि लांबी, रुंदी व जाडी अशा तिन्ही दिशांनी तो पडत असल्यामुळे आकृतीचे एकूण घनफळ जवळजवळ दीडपट होते. फलाटाच्या दूरच्या टोकाला एकटाच उभा असलेला प्रवासी असता, तर कदाचित हे खपून गेले असते. आपण दिलेला शंटर (वाघिणी जोडणारा-सोडवणारा कर्मचारी) मात्र वाकून साखळी जोडण्याच्या पवित्र्यात आहे. त्याचे हात वाघिणीच्या हुकाला लागायला हवेत. ते हुकाच्या वर, हवेत राहतात. बफरांच्या मध्यरेषेची उंची प्रत्यक्षात रुळापासून साधारण १.०६ मीटर असते, म्हणजे मॉडेलवर सुमारे १२ मिलिमीटर. या उंचीशी ज्या आकृतीचा थेट संबंध येतो, तीच आकृती चुकीच्या मापाची असेल, तर संच जुळवलेला आहे या विधानाला अर्थ उरत नाही.

आता प्लास्टिकबद्दल. आपल्या पहिल्या उत्तरात मला आकृत्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन घेण्याचा सल्ला मिळाला. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ निघून जाण्यासाठी ही धुलाई आवश्यकच असते, ती संचासोबतच्या आपल्या सूचनापत्रकातही सांगितली आहे, आणि रंग लावण्यापूर्वी ती व्यवस्थित केलेली होती. दोष पृष्ठभागावरच्या तेलाचा नसून खुद्द प्लास्टिकचा आहे. याची परीक्षा सोपी आहे. पॉलिस्टायरिन चिकटवण्याचा पातळ सिमेंट पॉलिस्टायरिनला विरघळवून दोन भाग एकजीव करतो. वाघिणीच्या स्प्रूचे, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे, दोन तुकडे त्याने पक्के जोडले गेले. आकृत्यांच्या स्प्रूवर तो नुसता ओला राहिला आणि वाळल्यावर तुकडे हाताने अलग झाले. आकृत्यांचे घोटे बोटाने दाबले की वाकतात आणि सोडल्यावर परत सरळ होतात. संचातल्या अ‍ॅक्रिलिक प्रायमरला, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराला, अशा वाकण्याची सवय नसते, त्यामुळे घोट्यांवर आणि शंटरच्या कोपरांवर त्याला तडे गेले आणि पापुद्रे सुटले. त्याहून वाईट अवस्था आपण आकृत्यांसाठी म्हणून दिलेल्या एनॅमल रंगांची आहे. प्रायमर सुटलेल्या जागी ते थेट प्लास्टिकवर लावले असता आजही बोटाला चिकटतात. पीव्हीसीसारख्या मऊ प्लास्टिकमध्ये ते मऊ राहावे म्हणून मिसळलेला पदार्थ हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि एनॅमलला पुरते वाळू देत नाही, ही या कामात जुनी माहिती आहे. ज्या कंपनीला रंगही स्वतःच्या नावाने विकायचा आहे आणि आकृत्याही, तिने ही जोडी एका खोक्यात घालण्यापूर्वी एकदा रंगवून, वाळवून बघणे अवघड नव्हते.

याच संदर्भात खोक्याच्या मागच्या बाजूवरील छायाचित्राबद्दल थोडे विषयांतर करते. त्यात रंगवून दाखवलेल्या गार्डाच्या डोळ्यांत पांढरा रंग आणि त्यावर काळा ठिपका आहे. माणसाच्या उघड्या डोळ्याची उभी फट साधारण एक सेंटिमीटर धरली, तर १:८७ मध्ये ती ०.११ मिलिमीटर होते. सर्वांत बारीक कुंचल्याचाही ठिपका त्याहून मोठा पडतो, आणि परिणाम म्हणून छायाचित्रातला गार्ड भूत पाहिल्यासारखा दिसतो. या आकारात भुवईखालच्या खोबणीत पातळ तपकिरी वॉश (खूप पातळ केलेला रंग) सोडला की सावलीच डोळ्याचे काम करते. हा अभिरुचीचा प्रश्न असल्याने मी तो तक्रारीत धरत नाही. परंतु नवशिक्याला आदर्श म्हणून हे चित्र दाखवणे मला योग्य वाटत नाही.

दुसरी मोठी तक्रार ट्रान्स्फरची आहे आणि तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग छपाईतील चुकीचा. युरोपातील मालवाघिणींवर १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रूढ झालेल्या यूआयसी (आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटना) पद्धतीचा बारा आकडी क्रमांक असतो आणि त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला पडताळणीचा आकडा असतो. अकरा आकडे डावीकडून क्रमाने २, १, २, १ असे गुणायचे, गुणाकार दोन अंकी आला तर त्याचे अंक सुटे करून मिळवायचे, आणि एकूण बेरीज पुढच्या दहाच्या पटीपर्यंत नेण्यास जो आकडा लागतो तो शेवटी लिहायचा. आपल्या ट्रान्स्फरच्या तावावर ३१ ८० ५३३ ४ २१७-६ असा क्रमांक छापला आहे. बेरीज ३८ येते, म्हणून शेवटी २ हवा. त्याच तावावरचे पुढचे दोन क्रमांक २१८-६ आणि २१९-६ असे आहेत. तिथे अनुक्रमे ० आणि ८ हवेत. एकापाठोपाठच्या तीन वाघिणींचा पडताळणी आकडा एकच असणे या पद्धतीत शक्यच नाही, म्हणजे कोणीतरी शेवटचा आकडा शोभेसाठी असल्यासारखा पुन्हा पुन्हा उतरवला आहे. ज्याला ही पद्धत माहीत नाही त्याला यात काही खटकणार नाही, हे मान्य. पण जो माणूस वाघिणीवर अर्ध्या मिलिमीटरची अक्षरे भिंगाखाली चढवत बसतो, त्याला ती खटकणार, आणि हा संच नेमका अशाच माणसांना विकला जातो.

दुसरा भाग पत्रकातील सूचनांचा. मॅट रंग वाळल्यावर थेट त्यावरच ट्रान्स्फर बसवावी आणि शेवटी मॅट वॉर्निश फवारावे, असा क्रम पत्रकात आहे, आणि संचात वॉर्निशही फक्त मॅटच आहे. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्मपणे खडबडीत असतो. त्यावर ट्रान्स्फरचा पारदर्शक पापुद्रा सपाट टेकत नाही, खालच्या खळग्यांत हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी झाक दिसते. म्हणून आधी ग्लॉस वॉर्निशचा थर, त्यावर ट्रान्स्फर, मग पापुद्रा मऊ करणारा द्रव, आणि ते सर्व वाळल्यावर मॅट वॉर्निश, असा क्रम सर्वत्र पाळला जातो. मी पत्रकाबरहुकूम काम केले, कारण संच एकमेकांशी जुळवलेला असल्याचे आपणच लिहिले होते आणि आपल्या मॅट रंगाला ग्लॉसची गरज पडत नसावी असा त्याचा सरळ अर्थ होतो. ती चंदेरी झाक वॉर्निशाखाली कायमची बंद झाली आहे. शिवाय तांबूस तपकिरी रंगावर पांढरी अक्षरे उठून दिसावीत इतका पांढऱ्या शाईचा थर जाड नाही. ती गुलाबी दिसतात.

रंगांबद्दल थोडक्यात लिहिते. एअरब्रशसाठीची बाटली आणि कुंचल्याने डागडुजी करण्यासाठीची लहान बाटली, दोन्हींवर आरएएल (रंगछटांची प्रमाणित क्रमांकपद्धत) ८०१२ असाच क्रमांक आहे. एकाच प्लास्टिकच्या पट्टीवर शेजारीशेजारी लावून वाळवल्यावर दिवसाच्या उजेडात लहान बाटलीतला रंग स्पष्टपणे अधिक पिवळसर दिसतो आणि त्याची चमकही वेगळी आहे. लहान आकारात रंग गडद भासतो म्हणून काही उत्पादक मुद्दाम तो किंचित फिका करतात, त्याला माझी हरकत नाही. परंतु मग दोन्ही बाटल्यांत तो सारखाच फिका असायला हवा. डागडुजीचा रंग डाग पाडत असेल तर तो कशासाठी द्यायचा? पत्रकात बोगी चाकांसकट फवारायला सांगितले आहे, तेही कृपया काढून टाका. चाकांच्या धावेवर आणि आसांच्या टोकदार बेअरिंगमध्ये रंग गेला तर वाघीण नीट धावत नाही. ती सूचना मी सुदैवाने पाळली नाही.

आपल्या पहिल्या उत्तराच्या शेवटी ‘हस्तकौशल्याच्या छंदात निष्पत्ती वापरणाऱ्याच्या सरावावर अवलंबून असते’ असे वाक्य आहे. ते खरे असले, तरी आकृतीची उंची, प्लास्टिकची जात, पडताळणीचा आकडा आणि बाटलीतल्या रंगाची छटा यांपैकी एकही गोष्ट माझ्या सरावावर अवलंबून नाही. त्या सर्व गोष्टी खोका बंद होण्यापूर्वीच ठरलेल्या होत्या.

माझ्या मागण्या अशा आहेत. १:८७ प्रमाणातल्या, रंग धरणाऱ्या कडक प्लास्टिकच्या किंवा धातूच्या आकृत्या मला बदलून द्याव्यात आणि त्यांत शंटर असावा. योग्य पडताळणी आकड्यांसह आणि पुरेशा दाट पांढऱ्या छपाईचा नवा ट्रान्स्फर ताव, एकाच छटेच्या दोन्ही बाटल्या आणि ग्लॉस वॉर्निश पाठवावे. वाघिणीचा वरचा सांगाडाही नवा मिळावा, कारण आताचा रंग आणि वॉर्निश काढण्यासाठी तो द्रावात बुडवून घासला, तर हाताच्या पकडीच्या बारीक दांड्या तुटण्याची शक्यता मोठी आहे. बोगी आणि चाके मात्र ठीक आहेत, ती बदलण्याची गरज नाही. हे सर्व एकत्र देणे शक्य नसेल तर संपूर्ण संच परत घेऊन त्याची पूर्ण रक्कम परत करावी. सुटी एखादी वस्तू पाठवून किंवा पुढच्या खरेदीवर सवलत देऊन हा विषय मिटवलेला मला मान्य होणार नाही.

याशिवाय हा संच अजूनही त्याच मजकुरासह विक्रीस आहे. त्यावरील आकृत्यांचे प्रमाण आणि प्लास्टिकची माहिती दुरुस्त करावी, आणि ज्यांनी तो आधीच घेतला आहे त्यांच्यासाठी सुधारित पत्रक उपलब्ध करून द्यावे. कॅलिपर लावलेल्या आकृत्यांची, ट्रान्स्फरच्या तावाची आणि दोन्ही रंगांच्या पट्टीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. न रंगवलेल्या आकृत्या आणि दोन्ही बाटल्या मी तपासणीसाठी जपून ठेवल्या आहेत. त्या कोठे पाठवायच्या आणि पाठवण्याचा खर्च आपण कसा देणार, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी कळवावे.

कळावे,

आपली विश्वासू,
संचाची ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, आपल्या दोन उत्तरांच्या प्रती, छायाचित्रे.