आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: पाच लाखांचं कार्ड आणि मेणाची एक वडी

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, काल दुपारी लॅबमधून फोन आला. "टिश्यू कमी पडला, टेस्ट झाली नाही. पुन्हा बायोप्सी करून आणा." सव्वीस दिवस वाट बघून एवढंच.

आईचं वय 61. तंबाखू सोडा, कधी मिश्रीही लावली नाही. तरी उजव्या फुप्फुसात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, केमो सुरू करण्याआधी ईजीएफआर तपासून घ्या. आम्ही वागळे इस्टेटची माणसं, आम्हाला हे काय ठाऊक? आता मात्र पाठ झालंय. सातव्या गुणसूत्रावरचं हे जनुक. त्याचं प्रथिन पेशीच्या अंगावर दारावरच्या बेलसारखं बसतं. बाहेरून वाढीचा निरोप आला की बेल वाजते आणि पेशी वाढायला लागते. जनुक बिघडलं की बेलचं बटण आत अडकून बसतं. दारात कुणी नसलं तरी बेल आपली वाजतेच. ती थांबवणारी गोळी आहे, गेफिटिनिब. हा बिघाड असलेल्यांनाच ती खरी लागू पडते, हे 2004 सालीच कळलंय. गोळी सरकारच्याच आवश्यक औषधांच्या यादीत आहे.

आणि बेल अडकलीय का, हे बघायची टेस्ट? "पॅकेजमध्ये बसत नाही," असं पाच लाखांपर्यंत मोफत उपचार देणाऱ्या सरकारी योजनेच्या खिडकीवर सांगितलं. केमोची मंजुरी मात्र लगेच देतो म्हणाले. वा! आजार कुठला ते न बघता औषध फुकट.

मग टेस्टसाठी बायकोच्या दोन बांगड्या गेल्या. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. काडेपेटीहून लहान. रुग्णालयाने तो माझ्याच हातात दिला, "लॅबला नेऊन द्या." मी तो डब्याच्या पिशवीत, दोन रुमालांत गुंडाळून, सकाळी 8 च्या गर्दीत ठाण्याहून लोकलने नेला. छातीशी धरून. एकाचं कोपर लागलं तर त्याच्यावर वसकन ओरडलो. तो बिचारा बघतच राहिला. माझी आई त्या पिशवीत होती हो साहेब.

आता पुन्हा बरगड्यांमधून सुई. मागच्या वेळी आईने पलंगाची कड इतकी आवळली होती की नखाखाली रक्त साकळलं. तिला अजून सांगितलेलं नाही. ती विचारते, "गोळी कधी येणार रे?" मी म्हणतो, साहेबांची सही राहिलीय. खोटं तरी कुठे आहे म्हणा.

भारतात फुप्फुसाच्या या प्रकारच्या कर्करोगात साधारण चारातल्या एका रुग्णात हा बिघाड सापडतो. म्हणजे रांगेत आईच्या पुढे-मागे उभे असलेल्यांतही कुणाकुणाची बेल अडकलेली असणार. त्यांना कोण सांगणार? घोडबंदर रोडवर वर्षानुवर्षं मेट्रोचे खांब उभे राहतायत, झाडांना दिव्यांच्या माळा लागतात, चौकाचौकात वाढदिवसांचे फलक झळकतात. त्यांची मंजुरी कुठल्या पॅकेजमध्ये बसते तेवढं कळवा. कर आम्ही भरायचा, रांगेत आम्ही उभं राहायचं, झेरॉक्सही आम्हीच काढायच्या, आणि शेवटी "पोर्टल बंद आहे" हेही आम्हीच ऐकून घ्यायचं.

मागणी एकच. ही टेस्ट कार्डात घाला आणि ब्लॉक न्यायला रुग्णालयाचा माणूस ठेवा.

दुसरी बायोप्सी गुरुवारी आहे. ब्लॉक पुन्हा मीच नेणार.

आपला,
वागळे इस्टेटमधला एक मतदार, ठाणे