तीन वर्षं झाली, बाबा

पुणे,
रविवार, 16 ऑगस्ट 2026

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

काल सुट्टी होती म्हणून फोन निवांत झाला. ठेवता ठेवता बाबा, तुम्ही विचारलंत, "पीएचडीला तीन वर्षं म्हणाली होतीस ना? या महिन्यात तीन भरली." मी "होईल हो" म्हटलं आणि आईच्या गुडघ्याकडे विषय वळवला. नंतर रात्रभर तेच मनात राहिलं. आयुष्यभर एसटीत तिकिटांचा आणि पैशांचा मेळ घातलेल्या माणसाला मी असं उडवून लावायला नको होतं. फोनवर मला हे धड सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे. पत्र लांबेल. आईला वाचून दाखवा.

आधी तीन वर्षांचं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2022चे नियम आम्हाला लागू आहेत. त्यात पीएचडीची मुदत कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं अशी आहे. सहात झालं नाही तर पुन्हा नोंदणी करून आणखी दोन मिळतात, आणि मुलींना त्यावर अजून दोन. ऑगस्ट 2023मध्ये प्रवेश झाला तेव्हा मी घरी फक्त पहिला आकडा सांगितला. आई तेव्हा डोळ्यांच्या ऑपरेशनमधून नुकती उठली होती. सहा म्हटलं असतं तर तुम्ही दोघं खचला असतात असं मला वाटलं. ते चुकलंच. तेव्हाच पूर्ण सांगायला हवं होतं.

आता या तीन वर्षांत काय झालं ते सांगते. प्रवेशाची पायरी तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. एम.एस्सी.ला किमान 55 टक्के लागतात, ते होतेच. मग नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिथे मायक्रोबायॉलॉजीचा वेगळा पेपर नसतो, सगळ्या जीवशास्त्राचा मिळून एकच, 200 गुणांचा आणि तीन तासांचा. पहाटे चारला आई चहा ठेवायची ते दिवस. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली, मग मुलाखत, मग गाईड मॅडम मिळाल्या. पहिल्या वर्षी कोर्सवर्क झालं. त्याला किमान 12 क्रेडिट आणि 55 टक्के लागतात. संशोधन कसं करायचं, आकडे कसे तपासायचे, दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून खपवणं म्हणजे काय, हे सगळं त्यात येतं. तेही झालं. आठवड्याला चार-सहा तास शिकवावंही लागतं, तर मी बी.एस्सी.च्या मुलांची प्रॅक्टिकल घेते. शिवाय दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीसमोर उभं राहून काय केलं ते दाखवायचं असतं. पाच वेळा उभी राहिले. त्यातल्या एका वेळचं पुढे सांगते.

खरं काम सुरू झालं ते डिसेंबर 2023मध्ये, आणि त्याला बाबा, तुम्ही साक्षी आहात. वनखात्याचं परवानगीपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आपण मेहकरहून लोणारची पहिली एसटी धरली होती. विवरात उतरताना तुम्ही आइसबॉक्स माझ्या हातात देईनात. काठाशी गाळ पांढरट, खाली काळा, आणि तो वास. आई, तू नंतर म्हणालीस की कपड्यांना सोड्याचा वास येतोय. बरोबरच होतं. त्या पाण्यात मीठ आहे आणि क्षारही एवढा आहे की त्याचा सामू, म्हणजे पीएच, दहाच्या आसपास जातो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कोणी राहू शकेल का? तरी तिथे जीव आहेत, आणि भरपूर आहेत. 2020च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं आणि सगळं गाव बघायला लोटलं, आठवतं? पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं की तो रंग मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता. कड्यावर तुमच्याशेजारी उभी असताना मी तेव्हाच ठरवलं होतं की काम करेन तर या पाण्यावर.

परत येताना ड्रायव्हरशेजारी इंजिन तापतं म्हणून तुम्ही आइसबॉक्स तिथे ठेवू दिला नाहीत. मेहकरपर्यंत तो तुमच्या मांडीवर होता.

त्या गाळाचं पुढे काय झालं हे मी कधी सांगितलंच नाही. त्यातला एक ग्रॅम घेऊन नऊ मिली निर्जंतुक पाण्यात मिसळायचा, त्यातलं एक मिली पुढच्या नळीत, असं सहा नळ्यांपर्यंत. शेवटच्या नळीत दहा लाखावा भाग उरतो. तो थेंब बशीतल्या थरावर पसरायचा, म्हणजे एकेक जीव सुटा पडतो आणि जिथे पडला तिथे वाढतो. तो थर कशाचा असतो माहीत आहे आई? चायना ग्रासचा. उन्हाळ्यात तू दुधात उकळून परातीत ओतायचीस आणि वड्या कापायचीस, तेच. आम्ही त्याला अगर म्हणतो. पूर्वी शास्त्रज्ञ जिलेटिन वापरायचे. ते उन्हाळ्यात वितळायचं, आणि काही जिवाणू ते खाऊनच टाकायचे. जर्मनीत रॉबर्ट कॉख या जंतुशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेसे नावाचे डॉक्टर काम करत होते. त्यांच्या बायकोने, फॅनी हेसेने, 1881मध्ये सुचवलं की मी स्वयंपाकात अगर घालते, ते गरमीतही वितळत नाही, ते घालून बघा. तेव्हापासून जगभर तेच चालतं. कॉखने 1882च्या आपल्या क्षयरोगावरच्या लेखात अगर वापरल्याचं लिहिलं, पण तिचं नाव घेतलं नाही. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी मुलांना सांगते आणि तिचं नाव फळ्यावर लिहिते.

लोणारच्या जिवांना साधं अगर चालत नाही, त्यात सोडा लागतो. पण सोडा आणि अगर एकत्र ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, घातले की ते तपकिरी पडतं आणि नीट घट्ट होत नाही. दोन्ही वेगळे 121 अंशांवर निर्जंतुक करायचे आणि कोमट असताना मिसळून झटपट ओतायचे. एवढं हाताला बसायला मला दोन महिने लागले.

नवव्या दिवशी एका बशीवर केशरी ठिपका दिसला, टाचणीच्या डोक्याएवढा. सोळा नळ्या आधी मोडीत निघाल्या होत्या, हा सतरावा, म्हणून वहीत एल-17 लिहिलं. त्याची ओळख पटवायला एका जनुकाची साधारण दीड हजार अक्षरं वाचतात आणि आतापर्यंत माहीत असलेल्या जिवाणूंशी ताडून पाहतात. 98.7 टक्क्यांपेक्षा कमी जुळलं तर ती नवी जात असण्याची शक्यता असते. एल-17 त्याच्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकाशी 97.8 टक्के जुळला. त्या संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता आणि उगाचच "जेवलात का" विचारून ठेवला. तुम्ही म्हणालात, आवाज आनंदी वाटतोय. होताच.

आता दिवाळीचं. गेल्या दिवाळीला मी घरी आले तेव्हा गप्प होते. आई, तू दोनदा विचारलंस, "करंजीही अर्धी टाकलीस" म्हणालीस. मी सांगितलं की काम छान चाललंय. ते खोटं होतं. दसऱ्यानंतर एल-17च्या पूर्ण जनुकसंचाचा अहवाल आला होता, आणि त्यात एका जिवाणूऐवजी दोन निघाले. माझ्या नळीत दुसरा कुणीतरी शिरला होता. दिसायला तसाच, वाढायला जोरकस. कधी शिरला ते शोधत मागे गेले, तर मे महिन्यापर्यंत जावं लागलं. मे ते ऑक्टोबर, पाच महिने रोज घेतलेली मोजमापं त्या दोघांची मिळून होती. एकाचीही खरी नव्हती. चूक माझी होती. मुख्य साठ्यातून नवी नळी काढायची सोडून घाईत मी चालू नळीतूनच पुढची लावत गेले, आणि मध्ये शुद्धता तपासली नाही.

बाबा, तेव्हा मला तुमचं वेबिल, कंडक्टरचा तो हिशेबाचा कागद, आठवलं. टप्प्याटप्प्याला तुम्ही शेवटच्या तिकिटाचा नंबर लिहायचात, खाडाखोड चालायची नाही. मार्गतपासणी पथक कुठेही गाडीत चढलं तरी कागद आणि पेटी जुळलीच पाहिजे. आमची प्रयोगवही तशीच असते. पानांना क्रमांक, रोजची तारीख, पान फाडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. मॅडमकडे वही घेऊन गेले. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, प्रत्येक पानावर एकच तिरकी रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे, कारण लिही, सही कर. एकसष्ट पानं होती. मॅडम शेजारी बसून प्रत्येक पानावर आपली सही करत होत्या. नंतर समितीसमोर मी तीच वही उघडून ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. बाहेरून आलेल्या सरांनी फक्त विचारलं, मूळ साठा शुद्ध आहे ना? होता. उणे ऐंशी अंशांत ठेवलेल्या नळ्या मी जानेवारीत उघडल्या, आणि अठराव्या दिवशी केशरी ठिपका परत आला.

हे तुमच्यापासून लपवलं त्याचं मला त्या पाच महिन्यांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

आता काय राहिलंय. एल-17ची मोजमापं यंदा पहिल्यापासून पुन्हा घेते आहे: किती मिठात वाढतो, किती क्षारात, काय खातो. निम्मी झाली. नव्या जातीला नाव द्यायचं तर ती जिवंत स्वरूपात दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावी लागते, म्हणजे उद्या कुणालाही मागवून माझं म्हणणं तपासता येईल. एक पुण्यातच, राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात. दुसरी जर्मनीला पाठवायचं ठरतंय. जीव देशाबाहेर जाणार म्हणून चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची कागदपत्रं करावी लागतात, ती सुरू केली आहेत. मग शोधनिबंध. आयोगाच्या नव्या नियमांत पीएचडीसाठी त्याची सक्ती उरलेली नाही, पण निबंध छापून आल्याशिवाय त्या जिवाला अधिकृत नावच मिळत नाही, आणि मला ते हवं आहे.

त्यानंतर प्रबंध. आधी विभागात सगळ्यांसमोर मांडायचा, वाङ्मयचौर्याची तपासणी व्हायची, मग तो बाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो. त्यांचे अहवाल चांगले आले की तोंडी परीक्षा. प्रबंध दिल्यापासून हे सगळं सहा महिन्यांत उरकावं असा नियम आहे. माझा अंदाज 2028च्या उन्हाळ्याचा आहे. सहा वर्षांची मुदत 2029पर्यंत आहे, म्हणजे हातात जागा आहे.

आई, तुझ्या मनातलंही मला माहीत आहे. मावशीने सुचवलेल्या स्थळाला तू "पीएचडी झाल्यावर बघू" असं कळवलंस ते ताईकडून समजलं. पीएचडीमुळे लग्न अडत नाही. नियमातच बायकांना दोन वर्षं वाढवून दिली आहेत, आणि बाळंतपण व मुलाच्या संगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजाही आहे. माणूस मला पटला तर मी करेन. पण 2028पर्यंत रोज प्रयोगशाळेत जाणार हे त्याला पहिल्याच भेटीत सांगेन, आणि तूही मावशीला तसंच सांग.

आणि बाबा, दर महिन्याला पाठवता ते पाच हजार आता खरंच थांबवा. पहिली दोन वर्षं मला महिना 37,000 मिळत होते. गेल्या ऑगस्टपासून वरची शिष्यवृत्ती लागली, ते 42,000 झाले, शिवाय घरभाड्याचे वेगळे. शिष्यवृत्ती एकूण पाच वर्षांची आहे, म्हणजे 2028पर्यंत माझं भागतं. तुमच्या पेन्शनमधून आलेले ते पैसे मी खर्च केलेले नाहीत, बँकेत तसेच आहेत. आईच्या गुडघ्याचं अकोल्याला दाखवायचं आहे ना, ते यातूनच करू.

तोंडी परीक्षेला तुम्ही दोघांनी यायचं आहे. आमच्याकडे मुलांचे आई-वडील मागच्या बाकांवर येऊन बसतात, मी दोनदा पाहिलंय. एकाच्या वडिलांनी तर शेवटपर्यंत टोपी हातात धरली होती. सगळं इंग्रजीत चालेल, पण पडद्यावर लोणारचा काठ आला की तुम्ही ओळखाल. तो फोटो तुम्हीच काढलेला आहे.

डिसेंबरमध्ये मला पुन्हा गाळ आणायचा आहे. पहिल्या जागेवरून एल-17 दुसऱ्यांदा मिळतो का ते बघायचंय. परवानगीचा अर्ज दिलाय. या वेळी तुम्ही खाली उतरू नका, वर धारेपाशी बसा, मी ताईच्या मुलाला सोबत नेते. आइसबॉक्स माळ्यावर मोठ्या पातेल्यामागे आहे. दिवाळीच्या साफसफाईत काढलात तर फक्त साध्या पाण्याने धुऊन उन्हात उघडा ठेवा, साबण लावू नका. झाकणाची एक कडी सैल झाली होती, जमलं तर तेवढी बदलून घ्या.

तुमची,
मनू