आजीची मिश्री आणि तुझ्या हिरड्या

कोलंबस, ओहायो

ती. सौ. आईस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बोलता बोलता तू चूळ भरलीस आणि "आलं परत रक्त" म्हणालीस. वर, "आपल्या घराण्यातच हिरड्या कच्च्या, आजीचे पन्नाशीच्या आत सगळे दात गेले." ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

घराण्याचं म्हणतेस त्यात काही तथ्य आहे. इथल्याच ओहायो स्टेट विद्यापीठात पूर्णिमा कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली १०० जणांच्या तोंडातले जंतू तपासले होते. गोरे, कृष्णवर्णीय, चिनी आणि लॅटिनो. जंतूंच्या जवळजवळ ४०० जाती मिळाल्या, पण सगळ्यांच्या तोंडात असलेल्या फक्त २ टक्के! हिरडीखालच्या जंतूंवरून माणसाचा वंश संगणकाने ६२ टक्के वेळा बरोबर ओळखला.

पण आई, त्या चार गटांत आपण नव्हतोच. शिवाय जंतू वेगळे म्हणून दात जाणारच, असं त्यातून निघत नाही.

आता आजीचं बघ. सकाळ-संध्याकाळ मिश्री. तिच्या हिरड्यांतून कधी रक्त आलं नाही, असं तू कौतुकाने सांगतेस. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त येत नाही, दुखत नाही, आणि आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजत राहतं. तिचे दात घराण्याने कमी आणि त्या डबीने जास्त नेले, असंच मला वाटतं. तुझ्या हिरड्या निदान वेळेवर सांगताहेत.

त्यात तुझी साखर. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आवरत नाही.

क्लीनिंगने दात हलायला लागतात, हे शेजारच्या काकूंचं ऐकू नकोस. दातांमध्ये साचलेलं किटण निघालं की फट जाणवते, एवढंच. आणि रक्त येतं त्या बाजूला ब्रश लावायचं सोडलं आहेस ना? तिथेच हलक्या हाताने रोज लाव.

या आठवड्यात बाबांना घेऊन गोखले रोडवरच्या तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. साखरेचे रिपोर्ट दाखव. प्रत्येक दाताभोवती पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली फट, किती खोल आहे ते मोजायला सांग. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४ किंवा जास्त असेल तर उपचार काय ते विचार. आकड्यांच्या कागदाचा फोटो मला त्याच दिवशी पाठव.

तुझी,
मीनू